सोपाऱ्याचा काळा हिरा

मीरा रोडच्या पूनम सागर भागातील काही शिक्षक आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी यांच्यासमोर ‘महाराष्ट्रातील खडक’ या विषयावर बोलण्यासाठी आम्ही मध्यंतरी गेलो होतो. बोलणे संपल्यावर एका विद्यार्थिनीने दप्तरातून एक झेरॉक्स काढली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेच्या भाषांतरातले ते एक पान होते. रत्नपरीक्षेच्या त्या अध्यायात हिरे कोठे कोठे मिळतात याची यादी आहे. वेणा नदीचा काठ, कोसल, सौराष्ट्र, शूर्पारक, हिमालय, मतंग, कलिंग आणि पौंड्र अशी आठ ठिकाणे, आणि प्रत्येक ठिकाणच्या हिऱ्याचा रंगही दिलेला. शूर्पारकाचा हिरा काळा असतो, असे वराहमिहिर सांगतो.

“सर, शूर्पारक म्हणजे आपले नालासोपारे ना?” तिने विचारले. “मीरा रोडहून चौथे स्टेशन. मग तिथे हिऱ्याची खाण होती का?”

आम्ही उत्तर दिले, “छे, कोकणात कुठले हिरे!” उत्तर बरोबर होते, पण घाईचे होते. कारण तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला, “मग वराहमिहिराने लिहिले कशाला?” तो काही ऐकीव गप्पा लिहिणारा माणूस नव्हता, हे आम्हालाही ठाऊक होते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “असेल पूर्वी खाण, आता बुजली असेल.” असे म्हणणे फार सोपे असते, आणि ते खोडून काढायचे तर नुसते ‘छे’ म्हणून भागत नाही. आमचे राहिलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

वराहमिहिर सहाव्या शतकातला, उज्जैनच्या परिसरातला. रत्ने निर्माण कशी झाली याविषयी तो तीन मते नोंदवतो. काही जण म्हणतात, बल नावाच्या दैत्याच्या शरीरापासून ती झाली. काही म्हणतात, दधीची ऋषींच्या अस्थींपासून. आणि काही म्हणतात की दगडांचे हे वैचित्र्य भूमीच्या स्वभावामुळेच येते. पहिल्या दोन कथा पुराणांतून आपल्या परिचयाच्या आहेत. तिसरे मत मात्र वाचताना भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे असे आहे. ते कोणाचे, हे वराहमिहिर सांगत नाही. पण सोपाऱ्याच्या प्रश्नाचा निकाल लावायचा तर याच मताचा धागा धरून जावे लागेल. सोपाऱ्याच्या भूमीचा स्वभाव कसा आहे, आणि हिऱ्याला कशा स्वभावाची भूमी लागते?

आधी हिऱ्याकडे पाहू. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पेन्सिलीतले ग्रॅफाइटही कार्बनच. कार्बनला हिऱ्याचे रूप येण्यासाठी वातावरणाच्या सुमारे पन्नास हजार पट दाब लागतो. असा दाब जमिनीखाली साधारण १५० कि.मी. खोलीवर मिळतो. पण खोली एवढीच अट नाही. त्या खोलीवर तापमान फार वाढले तर कार्बन पुन्हा ग्रॅफाइटच होऊ पाहतो. म्हणून जेथे भूखंडाचा कठीण थर फार जाड, फार जुना आणि तळापर्यंत त्या मानाने थंड आहे, अशाच भागाखाली हिरे तयार होतात आणि टिकतात. पृथ्वीवर असे भाग मोजके आहेत. आपल्या देशात बुंदेलखंड, बस्तर आणि आंध्र-कर्नाटकाचा जुना गाभा हे त्यांपैकी होत.

तयार झालेला हिरा वर येतो कसा? किम्बरलाइट किंवा लॅम्प्रोइट या जातीचा, वायूंनी भरलेला शिलारस अतिशय खोलवरून उसळतो आणि वाटेतले हिरे उचलून काही तासांत, फार तर काही दिवसांत पृष्ठभागापर्यंत आणतो. ही घाई आवश्यक असते. वाटेत रेंगाळला तर हिरा विरघळून तरी जाईल किंवा ग्रॅफाइट तरी होईल. मध्य प्रदेशातील पन्नाजवळच्या मझगवानचा आणि आंध्रातील वज्रकरूरचा असा खडक सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

गंमत अशी, की हिरा या नळीसारख्या खडकातून येतो हे माणसाला १८७० नंतर, दक्षिण आफ्रिकेत किम्बर्ली येथे खाणी खोदल्या गेल्यावर कळले. त्याआधीची दोन हजार वर्षे जगाला हिरे पुरवले ते मुख्यतः भारताने, आणि १७२० नंतर ब्राझीलने. हे बहुतेक सारे हिरे नदीच्या गाळातून, वाळूतून किंवा जुन्या गोट्यांच्या थरांतून वेचलेले होते. मूळ खडक झिजतो, पावसाचे पाणी त्याचा चुरा वाहून नेते, हलके आणि मऊ ते पुढे जाते, जड आणि कठीण ते वळणावर, खळग्यात साठत राहते. हिरा पाण्याहून साडेतीन पट जड आणि सगळ्यांत कठीण. तो मागे उरतो. म्हणजे रत्नांचा साठा तयार व्हायला दोन कारागीर लागतात: एक जमिनीखालचा, दुसरी नदी. नदी नसती तर पूर्वीच्या माणसांना हिरा सापडलाच नसता.

आता सोपाऱ्याला जाऊ. नालासोपारा, वसई, मीरा-भाईंदर, मुंबई हा सारा प्रदेश दख्खनच्या लाव्हाने झाकलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हाचे लोंढे वाहिले, थरावर थर चढले. झिजून आज जे उरले तेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. आपला काळा कातळ, भूशास्त्रज्ञांचा बेसाल्ट, तो हाच. मुंबईच्या किनाऱ्यावर शेवटच्या काळात थोडे वेगळे, फिक्या रंगाचे खडकही आले. भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन-डोंगरीच्या टेकड्यांत ते दिसतात. पण तेही ज्वालामुखीचेच.

बेसाल्टचा शिलारस हिऱ्याच्या उगमस्थानाच्या मानाने उथळ भागात तयार होतो, फार तापलेला असतो आणि सावकाश वर येतो. त्याच्या वाटेवर हिरा सापडलाच तरी तो टिकणार नाही. बरे, लाव्हाखाली जुना खडक आहे, त्यात हिरे असतील तर? असतीलही. पण साताऱ्याच्या कोयना परिसरात अलीकडे खोल विंधन विवरे घेतली, तेव्हा सुमारे एक किलोमीटर लाव्हा भेदल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. सहाव्या शतकात एवढे खोल कोण खणणार?

राहता राहिली नदी. पन्नाचे किंवा कृष्णेचे हिरे जसे गाळातून मिळाले, तसे सोपाऱ्याला एखाद्या नदीने आणून टाकले असतील काय? येथे नकाशा उघडावा. सोपाऱ्याच्या आसपास समुद्राला मिळणाऱ्या नद्या म्हणजे वैतरणा, तानसा आणि उल्हास. वैतरणा त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते, उल्हास राजमाचीच्या बाजूला. उगमापासून मुखापर्यंत त्यांचा सारा प्रवास या लाव्हाच्या थरांवरूनच होतो. नदी आपल्या खोऱ्यात असेल तेच आणते. पलीकडच्या खोऱ्यातला खडा ती आणू शकत नाही. सह्याद्रीची धार मध्ये उभी आहे. त्या धारेच्या पूर्वेचे पाणी विदर्भ-आंध्रातल्या जुन्या खडकांकडे जाते, तिकडून इकडे काहीच येत नाही. शूर्पारक हे गावाचे नाव न धरता आसपासच्या सगळ्या प्रदेशाचे धरले, तरी उत्तर कोकणात कोठेही गेलो तरी हेच उत्तर मिळेल.

तेव्हा ‘पूर्वी असेल, आता बुजली असेल’ या म्हणण्याला जागा उरत नाही. खाण बुजू शकते, पण पायाखालचा खडक बदलत नाही.

मग वराहमिहिर चुकला का? यादी पुन्हा वाचली तर त्यात सौराष्ट्रही आहे, आणि तेथेही बहुतेक जमीन दख्खनच्या लाव्हाचीच आहे. हिऱ्यासाठी अयोग्य अशी ही दोन्ही ठिकाणे समुद्रकाठची, आणि दोन्ही बंदरांसाठी प्रसिद्ध. येथे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सोपारे ही खाण नव्हती. ते बंदर होते. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात किनाऱ्यावरील बाजारपेठांत सुप्पारा आणि कल्याण यांची नावे येतात. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्याला मिळाला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उघडला, तेव्हा तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा असे एकात एक करंडे निघाले. ज्या गावात देशोदेशीचा माल उतरत होता, तेथून उज्जैनकडे आलेल्या हिऱ्याला व्यापारी ‘सोपाऱ्याचा’ म्हणत असतील तर त्यात नवल नाही. त्या काळ्या खड्यांत खरे हिरे किती आणि दुसरे दगड किती, हे आज सांगता येणार नाही. पण नाव बाजाराचे आहे, खाणीचे नाही, असे आमचे मत आहे.

असे घडणे अपवाद नव्हे. जगप्रसिद्ध ‘गोवळकोंड्याचे हिरे’ घ्या. गोवळकोंडा हा किल्ला आणि बाजार. हिरे निघत ते दूर, कृष्णेच्या काठी कोल्लूरसारख्या ठिकाणी. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये तेथे स्वतः गेला आणि साठ हजार माणसे तेथे राबतात असे त्याने लिहून ठेवले. त्या साठ हजारांच्या गावाचे नाव आज किती जणांना माहीत आहे? गोवळकोंडा मात्र सर्वांना ठाऊक.

आपल्या महाराष्ट्रात खरोखर हिरे निघाले ते दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथे. अकबराच्या दरबारातील अबुल फज्लने ‘आइन-इ-अकबरी’त तेथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे. तिकडे लाव्हा नाही, बस्तरच्या बाजूचे अतिप्राचीन खडक आहेत. पलीकडे छत्तीसगडात किम्बरलाइटच्या नळ्याही सापडल्या आहेत. वराहमिहिराच्या यादीतली वेणा कोणती यावर मतभेद आहेत, पण ती वैनगंगा मानली तर भूशास्त्राची काही हरकत नाही. आठांपैकी एका ठिकाणाला खडक दुजोरा देतो, दुसऱ्याला देत नाही. जुना ग्रंथ असा ओळीओळीने तपासून घ्यावा लागतो. सगळाच खरा किंवा सगळाच खोटा ठरवण्यात वेळ वाचतो, एवढेच.

यावर ती विद्यार्थिनी विचारील, की मग आमच्या कातळात काहीच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. फक्त ते वेगळ्या रीतीने तयार होते.

लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्यात वायू विरघळलेले असतात. दाब कमी झाला की सोड्याच्या बाटलीप्रमाणे बुडबुडे सुटतात. वरचा थर थिजत असतो, त्यामुळे पुष्कळ बुडबुडे अडकून पडतात आणि खडकात पोकळ्या राहतात. काही वाटाण्याएवढ्या, काही माणूस आत बसेल एवढ्या. पुढे पावसाचे पाणी भेगांतून झिरपते, खालच्या उष्णतेने तापते आणि खडकातील काचेसारखा भाग हळूहळू विरघळवते. त्या पाण्यात सिलिका, कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम असे बरेच काही येते. पाणी पोकळीत पोचले, थोडे निवले, की त्यातला माल भिंतीवर बसू लागतो. हे सारे दोनशे अंश सेल्सिअसच्या आतबाहेर, बहुधा त्याहून कमी तापमानाला घडते. हिऱ्याच्या मानाने हा अगदीच घरगुती स्वयंपाक झाला. पण त्याला वेळ फार लागतो. नाशिक-जळगावकडील अॅपोफिलाइट या खनिजाची वये मोजली गेली आहेत. लाव्हा थिजल्यानंतर काही कोटी वर्षांनीही तेथे स्फटिक वाढत होते, असे त्यांवरून दिसते.

पाण्यात सिलिका अधिक असेल तर अतिसूक्ष्म तंतूंची कॅल्सेडनी बसते. पुटावर पूट चढून पट्टे दिसू लागले की तोच अकीक. पट्टे सरळ आणि समांतर असले तर त्याला ऑनिक्स म्हणतात, आणि लोहामुळे तांबूस रंग आला तर कार्नेलियन. मध्ये जागा उरली तर तेथे गारेचे टोकदार स्फटिक वाढतात; त्यांना जांभळी झाक आली की ते अॅमेथिस्ट होतात. आपण ज्यांना सरसकट ‘गारगोटी’ म्हणतो, त्यात यातले बरेचसे येऊन जाते. सिलिका कमी आणि अॅल्युमिनियम, कॅल्शियम अधिक असेल, तर झिओलाइट गटातली खनिजे तयार होतात: स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, ह्यूलँडाइट. झिओलाइट या नावाचा अर्थ ‘उकळणारा दगड’. स्वीडनच्या क्रोनस्टेडने १७५६ साली तो फुंकनळीच्या ज्योतीत धरला आणि दगड फसफसला, म्हणून त्याने हे नाव दिले. स्फटिकाच्या जाळीत बसलेले पाणी बाहेर पडते, त्याचा तो परिणाम.

पुढे खडक झिजतो आणि गारगोट्या सुट्या होऊन नदीत येतात. पुन्हा तीच नदी, तेच वेचणे. गोदावरीच्या पात्रात आजही अकिकाचे गोटे मिळतात. आणि येथे ‘पेरिप्लस’ पुन्हा कामाला येतो. पैठणहून ऑनिक्सचे दगड गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला नेले जात, असे त्यात म्हटले आहे. पैठण ते भडोच वीस दिवसांची वाट. कल्याण जवळ असताना भडोच का? तेही तो सांगतो. कल्याणच्या बंदराचा व्यापार त्या काळी रोखला गेला होता, आणि तेथे चुकून गेलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला पाठवली जात. शक आणि सातवाहन यांच्या झगड्याचा हा परिणाम, असे इतिहासकार मानतात. म्हणजे गोदाकाठचा दगड रोमन बाजारात पोचला तो भडोचचा माल म्हणून.

पुढे भडोचची जागा खंबायतने घेतली. खंबायतचे अकीक जगभर गेले, पण खंबायतला अकिकाची खाण नाही. कच्चा माल येई तो भडोच जिल्ह्यातील रतनपूर-लिमोदरा भागातून. पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोसा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिमोदऱ्याचा उल्लेख केला आहे. तेथील गोटे आपल्याच लाव्हातून सुटलेले, पण नंतरच्या काळातल्या नदीच्या थरात साठलेले. जमिनीतून निघतात तेव्हा ते मळकट पिवळट असतात. उन्हात वाळवून, मातीच्या मडक्यात घालून, शेणाच्या मंद आचेवर ते भाजतात. मग त्यातल्या लोहाच्या संयुगातले पाणी जाते आणि दगड लालबुंद होतो. ही युक्ती हडप्पाकालीन कारागिरांनाही येत होती. त्यांचे लांबट तांबडे मणी इराकमधील उर येथील राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत. प्रयोगशाळेत हेमॅटाइटचे सूत्र शिकवताना या मडक्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

झिओलाइटची कथाही अशीच आहे. रत्न म्हणून ती मऊ, अंगठीत टिकणार नाहीत; पण संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. १८३१ साली ब्रूक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने पुण्याच्या एका नमुन्याला ‘पूनालाइट’ असे नाव दिले. पुढे ते नवे खनिज नसून मेसोलाइटच आहे असे ठरले. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वे नेताना कातळ फोडला गेला, तेव्हा झिओलाइटचे सुंदर नमुने उघडे पडले. त्यातल्या एकाला सह्याद्रीवरून ‘सिहेड्राइट’ हे नाव मिळाले. तेही टिकले नाही. ‘पूना’ ही चिठ्ठी मात्र टिकली, आणि इतकी टिकली की जळगावचे, नाशिकचे, औरंगाबादकडचे नमुनेही परदेशी कपाटांत ‘पूना’ म्हणून जाऊन बसले. विकणाऱ्याला खाणीचे नाव सांगणे सोयीचे नसते. स्पर्धक तेथे पोचतो. जवाहिऱ्याला याचे फार वाईट वाटत नाही. आम्हाला वाटते. स्फटिक कोणत्या थरातून, किती उंचीवरून, कशाच्या शेजारून आला हे माहीत नसेल, तर पाणी किती तापले होते आणि कोणत्या क्रमाने काय बसले हे त्याच्याकडून काढून घेता येत नाही. उरतो तो फक्त शोभेचा दगड.

पुण्याजवळच्या वाघोलीचे मात्र नशीब चांगले. कॅव्हान्साइट हे गर्द निळे खनिज. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरे जुळवून केलेले हे नाव १९७३ साली अमेरिकेतील ओरेगनच्या नमुन्यांना मिळाले. तेथे ते अगदी थोडे होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खडीच्या खाणींत त्याचे असे झुबके निघाले, की जगातील उत्तम नमुना म्हटला की वाघोलीचा, असे समीकरण झाले. या वेळी चिठ्ठीवर गावाचे नाव बरोबर लागले. खाण मात्र खडीसाठी होती, आणि सुरुंग उडाल्यावर स्फटिकाचे काय होते हे सांगायला नको. सुरुंग नसता तर ते दिसलेही नसते, हेही खरे.

मुंबईच्या उपनगरांतही अशा खाणी होत्या. कांदिवलीच्या खाणीतील फिकट हिरव्या प्रेह्नाइटवरचे बॅबिंग्टोनाइटचे काळेभोर, चमकदार स्फटिक संग्राहकांना चांगले ठाऊक आहेत. काळे, चकाकणारे, आणि सोपाऱ्यापासून फार दूर नव्हे! पण यावरून वराहमिहिराच्या ओळीचा अर्थ लावण्याचा मोह आम्ही आवरतो. तसा काहीही पुरावा नाही, आणि घाईचे एक उत्तर आम्ही आधीच देऊन चुकलो आहोत.

त्या दिवशी परत निघताना एका इमारतीच्या कामावर डबराचा ढीग दिसला. मीरा रोडच्या या बाजूला पूर्वी मिठागरे आणि खाजणे होती. येथे दगड म्हणून जो दिसतो तो बाहेरून आणलेला. मुले ढिगावर वाकली आणि पाच मिनिटांत एक दगड घेऊन आली. काळ्या कातळात लिंबाएवढी पोकळी, आत पांढऱ्या पंख्यासारखे स्फटिक. बहुधा स्टिल्बाइट. शाळेच्या कपाटात ठेवायचे ठरले, आणि चिठ्ठी लिहायचे काम त्याच विद्यार्थिनीकडे आले. तिने तारीख घातली, ‘पूनम सागर, मीरा रोड’ असे लिहिले, थोडा विचार करून पुढे ‘बांधकामाच्या ढिगातून’ असे जोडले, आणि खाली ‘खाण’ असे लिहून पुढची जागा कोरी सोडली. डंपर पुन्हा संध्याकाळी येतो, असे वॉचमनने सांगितले होते. ती चालकाला विचारायला थांबणार होती.